वंध्यत्व : समज, गैरसमज आणि उपचार

विवाहानंतर वर्ष-दोन वर्षांत पाळणा हलला नाही, की आजही पहिले बोट सुनेकडे वळते. नवस-सायास व अंगारे-धुपारे यांत मोलाची वर्षे सरतात. वस्तुस्थिती अशी की, अशा सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषातील दोष हे एकमेव किंवा साहाय्यक कारण असते. म्हणूनच वीर्यतपासणी ही साधी, अल्पखर्चाची चाचणी आरंभीच व्हावयास हवी.

दुसरी दुर्लक्षित बाब म्हणजे वय. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजकोशांत सुमारे १० ते २० लाख स्त्रीबीजे असतात. वयात येईपर्यंत ती ३ ते ४ लाख उरतात. नवी बीजे तयार होत नाहीत. पस्तिशीनंतर त्यांची संख्या व गुणवत्ता झपाट्याने घटते. त्यामुळे पस्तिशीपर्यंत एक वर्ष आणि त्यानंतर सहा महिने प्रयत्न करूनही गर्भधारणा न झाल्यास तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. पाळी अनियमित असल्यास किंवा पूर्वी क्षयरोग झाला असल्यास तेवढेही थांबू नये. जननेंद्रियांच्या क्षयामुळे बीजवाहिन्या नकळत बंद होऊ शकतात.

प्रत्येक जोडप्यास 'टेस्ट ट्यूब बेबी'ची गरज नसते. अनेकींना बीजनिर्मितीसाठी गोळ्या किंवा थायरॉइडवरील उपचार पुरेसे ठरतात. आय.व्ही.एफ. पद्धतीत इंजेक्शने देऊन बीजे परिपक्व केली जातात, ती सुईद्वारे बाहेर काढून प्रयोगशाळेत त्यांचे फलन केले जाते व ३ ते ५ दिवसांचा गर्भ गर्भाशयात सोडला जातो. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी अशा बालिकेचा जन्म झाला. तथापि, या उपचारात यशाची हमी नसते; चाळिशीनंतर स्वतःच्या बीजांपासून यश मिळण्याची शक्यता बरीच कमी होते. वाया गेलेली वर्षे हे तंत्र परत देऊ शकत नाही.

२०२१ च्या कायद्यानुसार अशा केंद्रांना नोंदणी बंधनकारक असून, उपचारांसाठी स्त्रीची कमाल वयोमर्यादा ५० व पुरुषाची ५५ वर्षे आहे. लिंगनिवड हा गुन्हा आहे. केंद्राची नोंदणी व खर्चाचा अंदाज आधीच विचारून घ्यावा.

आय.व्ही.एफ.चा खर्च अनेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचा आहे; मात्र वेळेवर झालेली प्राथमिक तपासणी पुष्कळदा तो टाळू शकते. दात्यांचे साहाय्य येथेच सर्वाधिक सार्थकी लागते. कुटुंबीयांना एवढीच नम्र विनंती, की तपासणीस पती-पत्नी दोघांनी मिळून यावे.