मराठी क्रियापदाभोवतीचे निपात : क्रम, अर्थ आणि अध्यापन

प्रस्तावना :

'तो गेला नाही का?' आणि 'तो गेला का नाही?' या दोन वाक्यांतील शब्द तेच आहेत, फक्त शेवटच्या दोन शब्दांची अदलाबदल झाली आहे. पहिल्या वाक्यात विचारणाऱ्याला तो गेला असेल अशी अपेक्षा होती आणि ती खोटी ठरल्याचे आश्चर्य त्याच्या प्रश्नात आहे. दुसऱ्या वाक्यात अशी कोणतीही अपेक्षा नाही. गेला किंवा नाही गेला, यांपैकी एक उत्तर त्याला हवे आहे. मराठी मातृभाषा असलेल्या व्यक्तीला हा फरक कोणी शिकवलेला नसतो, तरी तो तिच्याकडून कधी चुकत नाही. मात्र हा फरक का पडतो, असे विद्यार्थ्याने विचारल्यास आपले शालेय व्याकरण त्याला उत्तर देत नाही.

हिमायतनगर (जुने नाव वाढोणा) आणि शेजारच्या किनवट परिसरातील वर्गांत ही उणीव विशेष जाणवते. येथील विद्यार्थ्यांच्या घरी मराठीबरोबरच तेलुगू, दखनी उर्दू, बंजारा, गोंडी व कोलामी या भाषा बोलल्या जातात. अशा विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेतील 'चुकीच्या' वाक्याखाली रेघ मारणे सोपे असते. ते वाक्य का चुकले, किंवा खरोखर चुकले आहे काय, हे सांगणे अवघड असते. म्हणून मराठी क्रियापदाच्या आगेमागे येणाऱ्या लहान शब्दांच्या क्रमामागील नियम स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निपात : संज्ञा आणि व्याप्ती

यास्काचार्यांनी निरुक्तात पदांचे नाम, आख्यात, उपसर्ग व निपात असे चार वर्ग सांगितले. निपात म्हणजे स्वतः न बदलणारा आणि वाक्याच्या अर्थाला छटा देणारा लहान शब्द. न, ना, च, ही, तर, का, की हे मराठीतील नित्याचे निपात होत. मराठी व्याकरणाने त्यांना एका ठिकाणी बसवले नाही. 'च' व 'ही' शुद्ध शब्दयोगी अव्ययांत मोडतात, 'न' व 'का' क्रियाविशेषण अव्ययांत जातात, 'की' उभयान्वयी ठरतो. दादोबा पांडुरंग यांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत या परंपरेने शब्दांच्या जाती अत्यंत काटेकोरपणे लावल्या. शालेय पाठ्यपुस्तकांनी त्यातील याद्या तेवढ्या घेतल्या. दोन-तीन निपात एकत्र आल्यास आधी कोणता व नंतर कोणता, हा प्रश्न यादीत उद्भवतच नाही. तो वाक्यात उद्भवतो.

हा प्रश्न किती मूलभूत असू शकतो, हे उत्तर कॅलिफोर्नियातील क्लॅमथ नदीकाठच्या युरोक भाषेवरून कळते. या भाषेत काळ, क्रियेची पूर्णता, निषेध यांसारखे अर्थ क्रियापदाच्या आधी येणारे निपात व्यक्त करतात आणि त्यांच्या परस्परक्रमाला नियम आहेत. आर. एच. रॉबिन्स यांनी १९५८ मध्ये या भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. पुढे जुने मातृभाषक एकेक करून निवर्तले आणि नव्या पिढीला ही भाषा ध्वनिमुद्रणे, कोश व व्याकरणे यांच्या आधारे शिकावी लागली. बोलणाऱ्याला जे न सांगता येत होते, ते शिकणाऱ्यासाठी लिहून ठेवावे लागले. मराठीवर तशी वेळ आलेली नाही. परंतु दुसऱ्या भाषेतून मराठीत येणारा विद्यार्थी याच जागी उभा असतो.

'न'चे स्थान : आधी की नंतर?

मराठीतील निषेध वरवर पाहता दोन परस्परविरोधी जागी येतो. 'न सांगता', 'न आल्यामुळे', 'न येणारा', 'न वाचलेले' या रूपांत निषेध क्रियापदाच्या आधी आहे. 'सांगत नाही', 'आला नाही', 'येऊ नये', 'येत नसे' या रूपांत तो नंतर आहे. 'सांगता नाही' किंवा 'नाही आल्यामुळे' असे प्रमाण मराठीत चालत नाही. सर्वसाधारण नियम असा सांगता येतो : धातुसाधितापूर्वी 'न' येतो, वाक्य पूर्ण करणाऱ्या आख्याताच्या बाबतीत निषेध शेवटी येतो.

हा नियम योग्य असला, तरी तो दोन वेगळ्या सवयी नोंदवून थांबतो. निषेधदर्शक रूपांची फोड केली, तर त्यांच्यामागील एकच तत्त्व दिसते. 'नसे' म्हणजे न + असे. 'नव्हता' म्हणजे न + होता. 'नये' म्हणजे न + ये. 'नाही' या रूपातही 'न' हा 'असणे' या अर्थाच्या क्रियापदाशी एकजीव झालेला आहे. जुन्या मराठीतील नेणे (न + जाणे), नुरे (न + उरे), नलगे (न + लागे) ही रूपे याच प्रक्रियेची साक्ष देतात. म्हणजे 'येत नसे' या वाक्यात 'न' हा 'येत'च्या नंतर आला असला, तरी 'असे' या स्वतःच्या क्रियापदाच्या आधीच आहे. मराठीत सहायक क्रियापद मुख्य क्रियापदानंतर येते. 'न' त्या सहायकाला चिकटला आणि त्याच्याबरोबर वाक्याच्या शेवटी गेला. 'न'ने आपली जागा सोडलेली नाही. तो आजही क्रियापदाच्या आधीच उभा आहे, फक्त ते क्रियापद कोणते हे ओळखले पाहिजे.

'नको' या रूपाची फोड इतकी सरळ करता येत नाही, तरी त्याचे वाक्यातील वर्तन याच वर्गाचे आहे. 'जावे की न जावे', 'तो न आला तर' या रचनांत आख्यातापूर्वीही मोकळा 'न' टिकून आहे. हे अपवाद म्हणजे जुन्या क्रमाचे अवशेष होत. ते पर्याय किंवा अट सांगणाऱ्या वाक्यांपुरते उरले आहेत.

धातुसाधितापूर्वीचा 'न' आपल्या क्रियापदाला इतका बिलगून असतो की, मध्ये दुसरा शब्द येऊ शकत नाही. 'पैसे न देता' असेच म्हणावे लागते. 'न पैसे देता' होत नाही. जोर देणारा 'च' आला, तरी तो या जोडीच्या बाहेर जातो : 'न जेवताच निघाला', 'न विचारताच सांगितले'.

'आला नाहीस' आणि 'नाही आलास'

'नाही' मात्र मोकळेपणाने जागा बदलू शकतो. 'तू काल आला नाहीस' हे साधे विधान आहे. 'तू काल नाही आलास' यात तक्रारीचा सूर ऐकू येतो. 'मी जाणार नाही' ही माहिती आहे. 'नाही जाणार मी!' हा नकाराचा हट्ट आहे. शेवटची जागा तटस्थ आणि क्रियापदापूर्वीची जागा भावनेची किंवा आग्रहाची, अशी ही विभागणी आहे.

येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. 'आला नाहीस'मध्ये पुरुषवाचक 'स' 'नाही'ला लागला आहे. 'नाही आलास'मध्ये तो 'आला'ला लागला आहे. तसेच 'तुम्ही आला नाहीत' आणि 'तुम्ही नाही आलात', 'ते आले नाहीत' आणि 'ते नाही आले'. म्हणजे शेवटी असताना 'नाही' क्रियापदासारखा चालतो आणि प्रत्यय घेतो. क्रियापदाच्या आधी आला की तो बहुधा निपातासारखा अविकारी होतो. वर्तमानकाळात हे इतके स्पष्ट दिसत नाही, कारण 'येत' हे धातुसाधित असा प्रत्यय घेऊ शकत नाही. म्हणून 'तू नाहीस येत' असेही ऐकू येते. परंतु भूतकाळातील रूपांवरून एवढे निश्चित म्हणता येते की, 'नाही' हा शब्द क्रियापद की अव्यय, याचे उत्तर त्याच्या जातीत नसून त्याच्या जागेत आहे.

च, तर, ना, का : क्रमामागील तत्त्व

'ती रागावली तर नाही ना?' या वाक्यात क्रियापदानंतर तीन लहान शब्द आले आहेत. ते अन्य कोणत्याही क्रमाने मांडल्यास वाक्य मोडते किंवा अर्थ पालटतो. 'तो येणारच नाही का?' यातही 'च', 'नाही', 'का' यांचा क्रम ठरलेला आहे.

यामागील तत्त्व असे मांडता येईल : ज्या निपाताचा प्रभाव लहान घटकावर, तो आत, ज्याचा प्रभाव संपूर्ण वाक्यावर, तो बाहेर. 'च' केवळ आपल्या लगतच्या पदावर जोर देतो, म्हणून तो त्या पदाला चिकटतो. 'नाही' संपूर्ण विधान नाकारतो, म्हणून तो त्यानंतर येतो. 'का', 'ना', 'की' हे विधानाच्याही पलीकडे जाऊन बोलणारा व ऐकणारा यांच्यातील संबंध सांगतात, म्हणून ते सर्वांत शेवटी येतात. 'गेला नाही का?' यात 'का' संपूर्ण नकारात्मक विधानाला प्रश्नात टाकतो. 'गेला का नाही?' यात 'का' दोन पर्यायांच्या मध्ये उभा राहतो. प्रस्तावनेत उल्लेखिलेल्या फरकाचे हे कारण होय.

'च'ची जागा बदलली की जोर बदलतो. 'तोच आला नाही' म्हणजे इतर आले, ज्याने यायचे तो नाही. 'तो आलाच नाही' म्हणजे येण्याची क्रिया मुळीच घडली नाही. 'तो नाहीच आला' म्हणजे वाट पाहूनही अखेर आला नाही. 'आलाच आहेस तर जेवून जा' यातील 'च' आल्याची गोष्ट मान्य करून पुढचा आग्रह शक्य करतो. 'त्यानेच तर सांगितले' आणि 'त्याने सांगितले तरच' यांत 'च' व 'तर' हे दोनच निपात आहेत. परंतु 'च तर' दोष किंवा श्रेय एका व्यक्तीवर ठेवतो आणि 'तरच' अट घालतो.

सीमाभागातील भाषांची साक्ष

नांदेड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शेजारी तेलुगू, दक्षिणेस देगलूरकडे कन्नड आणि बाजारपेठेत दखनी, अशा भाषिक सहवासात येथील मराठी वाढली. निपातांची देवघेव या सहवासात ठळकपणे दिसते. दखनीने मराठीचा 'च' उचलला : 'ऐसाइच'. तिने 'नको'ही घेतला, पण त्याची जागा घेतली नाही. मराठी माणूस 'करू नको' म्हणतो, दखनी बोलणारा 'नक्को करो' म्हणतो. शब्द मराठीचा, क्रम मात्र 'मत करो'चा. शब्द उसना घेणे सोपे असते. क्रम हा भाषेचा अंतर्गत सांगाडा असल्यामुळे तो सहजासहजी बदलत नाही.

तेलुगूशी असलेले साम्य वेगळ्या प्रकारचे आहे. 'मला चहा नको' याला तेलुगूत 'नाकु टी वद्दु' म्हणतात आणि 'करू नको' याला 'चेय्यवद्दु'. नकोसेपणा व मनाई या दोन अर्थांसाठी एकच शब्द, तोही क्रियापदानंतर, ही रचना दोन्ही भाषांत समान आहे. कन्नडमधील 'बेड'ही असाच चालतो. मात्र 'आला नाही' या अर्थाचा तेलुगू 'रालेदु' सर्व पुरुषांत तसाच राहतो. म्हणून तेलुगूभाषक विद्यार्थ्याने 'तू आला नाही' असे लिहिले आणि 'स' विसरला, तर त्यात निष्काळजीपणापेक्षा मातृभाषेचा नियम असण्याची शक्यता अधिक आहे.

कोलामीच्या बाबतीत या भागाला अभिमानास्पद वारसा आहे. निलंगा येथे जन्मलेले सेतुमाधवराव पगडी यांनी १९५० मध्ये कोलामीचे व्याकरण प्रसिद्ध केले, एम. बी. एमेनो यांचा कोलामीवरील ग्रंथ १९५५ मध्ये आला. या भाषा बोलणारे विद्यार्थी आज आपल्या महाविद्यालयांत येतात, तेव्हा त्यांच्याकडून आपल्याला शिकण्यासारखे आहे, हे विसरता कामा नये.

अध्यापनाच्या दृष्टीने

वरील विवेचनावरून काही व्यवहार्य गोष्टी सुचवता येतील. पहिली, अव्ययांच्या याद्या पाठ करून घेण्याबरोबर वाक्यांच्या जोड्या वर्गात ठेवाव्यात आणि 'या दोहोंत फरक काय?' असे विचारावे. उत्तर विद्यार्थ्यांकडेच असते. शिक्षकाने त्याला नियमाचे नाव द्यावे. दुसरी, 'नाही आला' हे रूप दिसताच ते हिंदीच्या प्रभावाने आले, असे मानून लाल रेघ मारू नये. आग्रहाच्या संदर्भात ते अस्सल मराठी आहे. तटस्थ निवेदनात ते येत असेल, तरच दुरुस्ती सुचवावी. तिसरी, द्वैभाषिक विद्यार्थ्याला त्याच्या भाषेत तेच वाक्य म्हणण्यास सांगावे. दोन क्रम फळ्यावर शेजारी आले की चूक ही चूक न राहता तुलना होते.

समारोप :

दि. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. त्या निमित्ताने प्राचीन ग्रंथांची चर्चा होते, ती योग्यच आहे. तथापि, भाषेची प्राचीनता केवळ ग्रंथांत नसते. 'न' हा एकाक्षरी शब्द शतकानुशतके आपल्या क्रियापदाच्या आधी उभा राहतो आणि 'नसे', 'नये', 'नाही' यांच्या पोटात आजही तो नित्य बोलला जातो, यातही ती असते. निपातांचा क्रम हा मराठी भाषकाचा नकळत सांभाळलेला ठेवा आहे. ज्याला तो घरातून मिळालेला नाही, त्या विद्यार्थ्यापर्यंत तो समजावून पोहोचवणे हे मराठीच्या अध्यापकाचे काम आहे. त्याच्या वाक्याला गुण नाकारण्यापूर्वी आपण त्याला कारण सांगू शकतो का, एवढा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारला, तरी त्या कामाची सुरुवात होईल.