इन्सुलिनलाही थंडी बाधते

पनवेलमध्ये इन्सुलिनची काळजी म्हणजे उन्हाळ्याची काळजी. मे महिन्यात दुपारी वीज गेली की टाइप वन मधुमेह असलेल्या मुलाच्या घरात आधी फ्रिजमधली पेनं आठवतात. ज्या खेड्यांत फ्रिजच नाही, तिथे ओल्या मातीच्या मडक्यात इन्सुलिन गार ठेवतात, आणि ते बऱ्यापैकी टिकतंही.

हेच पोर जानेवारीत पनवेलहून मंगला एक्सप्रेसने दिल्लीला, तिथून बसने मनालीला गेलं आणि सोलंगच्या उतारावर स्कीइंग शिकायला उभं राहिलं, की सगळं उलटं होतं. इन्सुलिन हे पाण्यात विरघळलेलं प्रथिन. ते गोठलं की त्याची रचना बिघडते, रेणू एकमेकांना चिकटून गोळा होतात. वितळल्यावर पाणी कधी कधी नितळच दिसतं, पण त्याच्या ताकदीवर भरवसा ठेवता येत नाही. ते फेकूनच द्यायचं. म्हणून बर्फात पेन सॅकमध्ये नाही, जाकिटाच्या आत अंगालगतच्या खिशात ठेवतात. घरी जे न उघडता २ ते ८ अंशांत जपायचं, त्याला इथे मुलाच्या अंगाची ऊब लागते.

साखर मोजायचं यंत्रही थंडीला वैतागतं. पट्टीवरची तपासणी ही एक रासायनिक क्रिया, आणि बरीचशी ग्लुकोमीटर साधारण १० अंशांखाली आकडा द्यायचंच नाकारतात. त्यात बोटं गारठलेली, टोचलं तरी रक्ताचा थेंब येत नाही. दंडावर सेन्सर असेल तर सोय होते, पण सेन्सर मोजतो ती त्वचेखालच्या द्रवातली साखर. ती रक्तातल्या साखरेच्या काही मिनिटं मागे असते. चढावर दमलेल्या मुलाने म्हणून नुसता आकडा पाहू नये, शेजारचा बाण वर चाललाय की खाली तेही पाहावं.

मला सर्वांत थक्क करतो तो स्नायू. जेवणानंतर इन्सुलिनचा निरोप आला की स्नायूच्या पेशीत आत दडलेली वाहक प्रथिनं पृष्ठभागावर येतात आणि ग्लुकोज आत ओढतात. टाइप वनमध्ये शरीराच्या स्वतःच्याच संरक्षक पेशी स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करतात, त्यामुळे हा निरोप बाहेरून, सुईने द्यावा लागतो. पण स्नायू काम करू लागला की तीच वाहक प्रथिनं निरोपाची वाट न पाहता आपण होऊन वर येतात! निसर्गाने आतूनच एक दुसरी वाट ठेवली आहे.

अडचणही तिथेच आहे. आपण पळायला लागलो की आपलं स्वादुपिंड इन्सुलिन कमी करतं. सकाळी टोचलेलं इन्सुलिन मात्र परत घेता येत नाही. दोन्ही वाटांनी साखर स्नायूत जात राहते, वर ते जास्तीचं इन्सुलिन यकृताला साठा सोडू देत नाही. म्हणून दिवसभर बर्फ तुडवायचा असेल तर डोस किती कमी करायचा, हे डॉक्टरांशी निघण्यापूर्वीच ठरवायचं.

याच्या नेमकं उलटही घडतं. उताराच्या टोकावर उभं राहिल्यावर पोटात गोळा येतो, ॲड्रिनलिन उसळतं, यकृत साखर सोडतं. मिनिटभराच्या शर्यतीनंतर शुगर चढलेलीसुद्धा दिसते. घाबरून लगेच जादा इन्सुलिन टोचलं तर थोड्या वेळाने ती धाडकन खाली येते.

आणि कुडकुडणं? तेही स्नायूंचंच काम, त्यालाही साखर लागते. साखर फार उतरली तर शरीर कुडकुडणंच थांबवतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. ग्लुकोज दिल्यावर कुडकुडणं पुन्हा सुरू झालं. म्हणजे शुगर लो झालेलं पोर थंडीशी झगडायचं सोडून देतं. बोबडं बोलणं, अडखळणं, उगाच चिडणं ही लक्षणं गारठ्याचीही आणि उतरलेल्या साखरेचीही. मोजता येत नसेल तर शुगर लो आहे असं धरून गोड द्यावं.

क्रिस फ्रीमन हा अमेरिकी स्कीपटू. २००० साली त्याला टाइप वनचं निदान झालं आणि ऑलिम्पिकचं विसर, असं सांगितलं गेलं. त्यानंतर तो चार हिवाळी ऑलिम्पिक खेळला. २०१० मध्ये व्हँकुव्हरला ३० किलोमीटरच्या शर्यतीत साखर उतरून तो बर्फात कोसळला. कुणीतरी गोड दिलं, तो उठला आणि शर्यत पूर्ण केली. मला यात त्याच्या जिद्दीइतकंच महत्त्वाचं वाटतं ते दुसऱ्याच्या हातातलं गोड.

पनवेलच्या मुलांना तालीम करायला मनाली गाठायची गरज नाही. हिवाळ्यात ठाकूरवाडीहून प्रबळमाची, पुढे कलावंतीण, नाहीतर कर्नाळा. तासाभराच्या चढाने आपली साखर किती उतरते हे तिथे लिहून ठेवता येतं. संक्रांतीचा तिळगूळ या कामी दुय्यम: तिळातल्या स्निग्धतेमुळे त्यातली साखर सावकाश चढते. ७० च्या खाली आकडा गेला की मोठ्या मुलांना साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजणी. तिळगूळ, राजगिरा लाडू, भाकरी त्यानंतर. बर्फात ज्यूस गोठतो, म्हणून गोळ्या किंवा पावडर बरी.

माचीवर तंबूत मुक्काम असेल तर रात्रीचाही अनुभव येतो. दिवसभर रिकामे झालेले स्नायू झोपेत आपला साठा भरत राहतात, आणि पहाटे दोन-तीनला साखर घसरू शकते. झोपताना मोजायचं, मध्ये एकदा उठून मोजायचं.

शिबिरांच्या अर्जावर ‘काही आजार?’ या रकान्यात पालक अनेकदा ‘नाही’ लिहितात, प्रवेश नाकारतील या भीतीने. ती भीती खोटी नाही. पण मग शेजारच्या तंबूतल्या मित्राला कळणार कसं की बेशुद्ध मुलाच्या तोंडात काहीही घालायचं नसतं, साखर वाढवणाऱ्या ग्लुकागॉनचं इंजेक्शन द्यायचं असतं? इन्सुलिन, गोळ्या, पट्ट्या यांचे दोन संच करावेत: एक मुलाच्या जाकिटात, दुसरा त्या मित्राच्या.