फासे, मित्र आणि कात्रजचा नळ

शनिवारी सायंकाळी कोथरुडातील किंवा औंधातील एखाद्या सदनिकेत पाचसहा तरुण मंडळी जेवणाच्या मेजाभोवती बसलेली असतात, मेजावर पेन्सिली, वहीचे सुटे कागद आणि चार पृष्ठांपासून वीस पृष्ठांपर्यंतचे रंगीबेरंगी फासे विखुरलेले असतात, आणि त्यांतील एक जण, ज्याच्यापुढे पुठ्ठ्याचा आडोसा उभा केलेला असतो, गंभीर मुद्रेने सांगतो की पाऊस थांबला आहे, पुलापलीकडील चौकीत दोन मशाली दिसत आहेत, आणि मग तो विचारतो, 'आता तुम्ही काय करता?' बुद्धिबळाच्या पटावर मोहऱ्याला ठरलेल्याच चाली असतात. येथे मात्र चौकीवर छापा घालता येतो, पहारेकऱ्यास लाच देता येते, नदी पोहून जाता येते, इतकेच काय, आल्या वाटेने घरी परतून झोपताही येते. आणि यांपैकी कोणतेही उत्तर आले तरी ते मान्य करून त्याचा पुढील परिणाम तत्काळ सांगणे हे त्या आडोशामागील गृहस्थाचे कर्तव्य असते. खेळणारी मंडळी त्याला 'डीएम' म्हणतात. आपण त्यास सूत्रधार म्हणू.

या जातीच्या खेळांत सर्वांत प्रसिद्ध असलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली विस्कॉन्सिन संस्थानातील लेक जिनिव्हा या लहानशा गावातून तीन पातळ पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध केला, आणि पहिल्या खेपेस त्याच्या अवघ्या एक हजार प्रती काढल्या. परंतु त्याची वंशावळ त्याहून पुष्कळ मागे, थेट प्रशियाच्या लष्करापर्यंत जाते. १८२४ साली फॉन राइसविट्झ नावाच्या एका तोफखान्यावरील अधिकाऱ्याने आपल्या वडिलांच्या कल्पनेत सुधारणा करून नकाशा, ठोकळे आणि फासे यांच्या साहाय्याने खेळावयाचा युद्धपट सिद्ध केला, आणि उभय पक्षांस एकमेकांच्या हालचालींपैकी जेवढे प्रत्यक्ष रणांगणावर दिसले असते तेवढेच कळावे म्हणून मध्यस्थ पंचाची योजना केली. पुढे १८७६ साली फेर्डी द्यू व्हेर्न्वा या सेनानीने त्यातील कोष्टकांचे जंजाळ बाजूस सारून अनुभवी पंचाचा विवेक हाच निर्णायक मानावा असे प्रतिपादन केले. १९६९ साली मिनेसोटातील डेव्हिड वेझली याने 'ब्राउनश्टाइन' नावाच्या काल्पनिक गावाचा खेळ मांडताना प्रत्येक खेळाडूस सैन्याऐवजी एकेक माणूस दिला, तेव्हा खेळाडू कोपऱ्या-कोपऱ्यात जाऊन आपापसांत खलबते करू लागले आणि सगळी योजना विस्कटली. वेझलीस वाटले की प्रयोग फसला. खेळणारे मात्र पुढचा खेळ केव्हा म्हणून त्याच्या मागे लागले. याच मंडळींपैकी आर्नेसन हा एक होता.

माझ्या मते वेझलीच्या त्या विस्कटलेल्या सायंकाळीच या कलेचे मर्म उघड झाले, आणि तरीही प्रत्येक नवा सूत्रधार ते नव्याने शिकतो. तो बिचारा आठवडाभर जागून एक नामी कथा रचतो: मंडळी जंगलात जातील, तेथे जखमी दूत भेटेल, तो अखेरच्या श्वासाला रहस्य सांगेल. मंडळी जंगलाकडे फिरकतच नाहीत. मग तो त्यांना ओढून, ढकलून, वाटा बंद करून इच्छित स्थळी नेऊ पाहतो, आणि खेळाडूंच्या ध्यानात येते की आपण काहीही केले तरी घडावयाचे तेच घडणार आहे. त्या क्षणापासून त्यांची दृष्टी मेजावरून हातातील मोबाइलकडे वळते. सूत्रधाराने सिद्ध करावयाची ती परिस्थिती. कथा मंडळींनी घडवावयाची असते.

परिस्थिती सिद्ध करणे म्हणजे काय, हे सांगण्यास पुण्यासारखे दुसरे नगर शोधून सापडणार नाही. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालात तळ देऊन राहिलेल्या शायिस्ताखानावर शिवाजी महाराजांनी जो छापा घातला, ज्यात खानाची बोटे तुटली, मुलगा मारला गेला आणि पुढे खानाची रवानगी बंगाल्यात झाली, त्या प्रसंगात या खेळाला लागणारी सर्व सामग्री आहे: बलाढ्य शत्रू, मूठभर माणसे, वेशांतर, काळोख, आणि क्षणोक्षणी बदलणारे दैव. लग्नाच्या वरातीतून शहरात शिरल्याची आणि कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून पाठलाग चुकविल्याची आख्यायिका तर पुण्यातील प्रत्येक मुलास ठाऊक असते. येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. हा प्रसंग जसाच्या तसा मेजावर मांडू नये. एक तर ज्याचा निकाल सर्वांस पाठ आहे त्यात 'आता तुम्ही काय करता' या प्रश्नाला अर्थ राहत नाही. आणि दुसरे असे की, महाराजांची भूमिका एखाद्या मित्राकडे सोपवून त्यांचे यशापयश फाशावर ठरविणे हे आपल्याकडे कोणाच्याही मनास रुचणार नाही, आणि रुचू नयेच. म्हणून मुलूख काल्पनिक घ्यावा, नावे बदलावीत, आणि प्रसंगाचा सांगाडा तेवढा ठेवावा.

समजा, एका परकीय सरदाराने नगरातील मोठा वाडा बळकावला आहे. सूत्रधाराने वाड्याचा ओबडधोबड नकाशा काढावा. दरवाजे किती, पहारे केव्हा बदलतात, रात्रीचे दस्तक कोण देतो, मुदपाकखान्यामागील कच्च्या विटांनी बुजविलेली खिडकी कोणास ठाऊक आहे, याचा तपशील टिपून ठेवावा. सरदाराला काय हवे आहे, त्याच्या कारभाऱ्याचा त्याच्यावर कोणता राग आहे, आणि कोणीच मध्ये पडले नाही तर पुढल्या अमावास्येस काय घडणार आहे, हे लिहावे. येथे थांबावे. मंडळी आत कशी शिरतील हे लिहू नये. ती कदाचित वरात काढतील, कदाचित कारभाऱ्याला फितवतील, कदाचित सरदाराकडेच चाकरीस राहतील. आणि कदाचित भुयारातून जाऊ म्हणतील.

भुयाराचा विषय निघाला म्हणजे पुणेकर सूत्रधाराचे भाग्य उदयास येते. या खेळाच्या नावातच तळघर आहे, आणि पाश्चात्त्य लेखक त्यासाठी आडरानातील ओसाड बुरूज कल्पितात. आपल्या पायाखाली मात्र नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत बांधलेला कात्रजचा नळ आहे, जो कात्रजच्या तलावांचे पाणी दगडी बंदिस्त पाटाने पार शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतील हौदांपर्यंत आणीत असे. वाटेत ठिकठिकाणी त्याला उच्छ्वास ठेवलेले आहेत, त्यांतून हवा खेळे आणि गाळ काढण्यास माणसास आत उतरता येई. काळा हौद, नाना हौद, फडके हौद ही नावे कागदावर लिहून त्यांच्यामध्ये रेघा ओढल्या की नकाशा तयार झाला. वर नगरात खुन्या मुरलीधर, उपाशी विठोबा आणि सोट्या म्हसोबा आहेतच. ही नावे धारण करणारी दैवते ज्या शहरात नांदतात तेथे स्थळांची नावे सुचत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या सूत्रधाराने दुसरा छंद पाहावा हे उत्तम.

दैवतांमागोमाग भुतेखेते येतात. पाश्चात्त्य पुस्तकांतील ऑर्क आणि गॉब्लिन यांच्याशी आपले काही वाकडे नाही, परंतु पिंपळावरचा मुंजा, वाट चुकविणारा चकवा, पाणवठ्यावरच्या आसरा आणि पुरलेल्या धनावर बसलेला समंध यांची नुसती चाहूल लागली तरी मराठी खेळाडूच्या पाठीचा कणा ज्या तत्परतेने ताठ होतो, ती किमया गॉब्लिनास साधत नाही. आपला राक्षस तर त्या पुस्तकांत फार पूर्वीच जाऊन बसला आहे. १९७५ साली तो प्रथम अवतरला तो एका अमेरिकन दूरदर्शन मालिकेतील भागावरून, आणि पुढे चित्रकारांनी त्याला वाघाचे मस्तक, उंची झगा आणि तोंडात चिलीमवजा पाइप देऊन असे काही रूप दिले की रावणानेही दचकावे. त्याच्या हातांचे तळवे उलटे असतात. आमच्या हडळीची पावले उलटी असतात हे त्या चित्रकारांच्या कानावर गेले होते की काय कोण जाणे! अलीकडे मात्र हा व्यवहार एकतर्फी राहिलेला नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या 'जर्नीज थ्रू द रेडिअंट सिटाडेल' या अधिकृत संग्रहात मिमी मोंडल या मूळच्या बंगाली लेखिकेने बंगालच्या नद्याखोऱ्यांवरून कल्पिलेली शंखभूमी उभी केली आहे. मराठी मुलखातील कोणी देशावरची किंवा कोकणची भूमी अशीच लिहून काढावी, ही माझी जुनी इच्छा आहे.

आता फाशांविषयी. सभापर्वातील द्यूतामुळे आपल्याकडे फाशाची अब्रू गेली ती गेलीच, परंतु या खेळात पैसा पणाला लागत नाही. खेळाडूचे पात्र बळ, चापल्य, काटकपणा, बुद्धी, विवेक आणि प्रभाव अशा सहा गुणांनी वर्णिलेले असते, आणि जेथे यश अनिश्चित असेल तेथे वीस पृष्ठांचा फासा टाकून त्यात गुणानुसार काही अंक मिळवावयाचे असतात. कडा चढावयाचा आहे आणि सूत्रधाराने १५ ही मर्यादा ठरविली, तर सामान्य माणसाला यशाची शक्यता शंभरात तीस. बळाचे तीन अंक अधिक मिळणाऱ्या गड्याला पंचेचाळीस. आणि वरून कोणी दोर सोडला असल्यास दोन फासे टाकून त्यांतील मोठा घेण्याची सवलत मिळते, तेव्हा तीच शक्यता सत्तरच्या घरात जाते. हा हिशेब सूत्रधाराला तोंडपाठ असावा, कारण मर्यादा उच्चारताना आपण किती आशा आणि किती भय वाटतो आहोत, हे त्यास कळले पाहिजे. नवशिका सूत्रधार दार उघडण्यासही फासा मागतो. जेथे अपयशाने काही बिघडणार नाही तेथे फाशाला हात लावू नये. आणि जेथे लावला तेथे अपयशानेही गोष्ट पुढे सरकावी. कड्यावरून पाय निसटला म्हणजे माणूस मेलाच पाहिजे असे नाही; एक धोंडा गडगडत खाली जातो, बुरुजावर कोणी तरी 'कोण आहे?' म्हणून ओरडतो, आणि मंडळींस नवी मसलत करावी लागते.

असे आयत्या वेळी रचण्याचे सामर्थ्य आपल्याकडे नवीन नाही. सिंधुदुर्गातील दशावतारी नटांपाशी लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणते हे ठरते, कोणी कोणते सोंग घ्यावयाचे हे ठरते, आणि मग देवळासमोर रात्रभर ऋषी आणि दैत्य यांचे संवाद उत्स्फूर्तपणे झडतात. तेथे समोरच्या नटाने टाकलेला शब्द ज्याला झेलता येत नाही तो कितीही सुस्वर असला तरी उपयोगी पडत नाही. सूत्रधाराचेही निम्म्याहून अधिक काम ऐकण्याचे आहे. खेळाडूंपैकी कोणी सहज म्हटले की, 'हा कारभारी फारच गोड बोलतो, याच्या मनात काही तरी काळे आहे', तर चतुर सूत्रधार आपल्या टिपणातील निष्पाप कारभारी गुपचूप खोडून टाकतो. कोणी मुदपाकखान्यातील आचाऱ्याशी मैत्री जोडली, तर त्या आचाऱ्यास नाव, गाव आणि एक आजारी मुलगी तत्क्षणी मिळाली पाहिजे. म्हणून नावांची एक यादी आडोशामागे सदैव ठेवावी.

मित्रमंडळ सांभाळणे हे राक्षस सांभाळण्याहून अवघड आहे. एक जण सतत बोलतो, दुसरा तोंडच उघडत नाही. त्या दुसऱ्यास नावानिशी विचारावे, 'वैद्यबुवा, हे सर्व चालले असता आपण काय करीत आहात?' आणि त्याने उत्तर देईपर्यंत पहिल्यास हाताने थोपवावे. नियमांचे पुस्तक उघडून पृष्ठांक दाखविणारा एक कायदेपंडित प्रत्येक मंडळात असतो, आणि पुण्यात तर त्याची वाण पडण्याचे काहीच कारण नाही. त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, निकाल तेथल्या तेथे द्यावा, आणि पुस्तकाची रुजवात खेळ संपल्यावर करावी. कोणते विषय मेजावर नकोत, क्रौर्याचे वर्णन कोठवर चालेल, हे पहिल्याच बैठकीत मोकळेपणाने ठरवून घेतलेले बरे, कारण भयाची गंमत ज्याच्या त्याच्या आयुष्यावर अवलंबून असते. हिंजवडीच्या पाळ्या, परगावचे नातलग आणि सिंहगड रस्त्यावरील वाहतूक यांच्या कचाट्यातून पाच माणसांची एकच सायंकाळ सोडविणे दुष्कर आहे, तेव्हा वार एकदा कायम करावा आणि एखादा गैरहजर असला तरी खेळ मोडू नये. त्याचे पात्र त्या दिवशी तापाने फणफणले असे समजावे. एकाने प्रत्येक वेळची हकीकत बखरीसारखी लिहून ठेवावी आणि पुढील बैठकीच्या आरंभी ती वाचून दाखवावी. तीन आठवड्यांपूर्वी कोणाला कोणते वचन दिले होते हे एरवी कोणासही आठवत नाही.

वर्षानुवर्षे चालणाऱ्या मोहिमांची वर्णने ऐकून नवख्याने भुलून जाऊ नये. बहुतेक मोहिमा कोणाची तरी बदली बंगळुरास झाली की अर्ध्यावर थांबतात, किंवा पडद्यावरील भेटींतून कशाबशा चालू राहतात. म्हणून आरंभी तीनचार तासांत आटोपणारे एखादे प्रकरण घ्यावे, ज्याला मंडळी 'वन-शॉट' म्हणतात. खर्चाचीही धास्ती बाळगण्याचे कारण नाही. छापील ग्रंथ महाग आहेत हे खरे, परंतु पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम जानेवारी २०२३ पासून मुक्त परवान्याखाली कोणासही विनामूल्य वापरता येतात. वीस पृष्ठांचा फासा न मिळाल्यास एक ते वीस अंकांच्या चिठ्ठ्या डब्यात घालून काम भागते. आणि चिवड्याची बशी कागदांपासून हातभर दूर ठेवली की आवश्यक ती सर्व तयारी झाली.