मतभेद परिवारातच आहे, तो संसदेत येऊ द्या

9 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाच्या निकालावरच्या पुनर्विचार याचिका फेटाळल्या. त्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाचे प्रमुख होते अमरावतीचे न्या. भूषण गवई. तीनच दिवसांनी, 12 जानेवारीला, भारतीय जनता पक्षाचे प्रदेश अधिवेशन आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शिर्डीत भरले. विधानसभेतला विजय ताजा होता, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका समोर होत्या. अधिवेशनाचा रोख साहजिकच तिकडे होता. पण दिल्लीत त्या आठवड्यात एक गोष्ट पक्की झाली होती. समलिंगी जोडप्यांच्या लग्नाचा प्रश्न आता न्यायालयात सुटणार नाही, तो संसदेनेच सोडवायचा आहे. आणि संसदेतला सर्वांत मोठा पक्ष भाजप आहे. त्यामुळे या पक्षात आणि रा. स्व. संघात या विषयावर काय चालले आहे, हे नीट पाहायला हवे. बाहेरून ठाम नकार दिसतो. आत मात्र गेली दहा-बारा वर्षे मते हलत आहेत, एकमेकांना छेद देत आहेत.

डिसेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम 377 कायम ठेवले, तेव्हा पक्षाध्यक्ष राजनाथ सिंह यांनी त्या कलमाची बाजू घेतली. समलैंगिकता अनैसर्गिक आहे, तिचे समर्थन करता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. दोन वर्षांनी, नोव्हेंबर 2015 मध्ये, त्याच पक्षाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांनी दिल्लीतल्या साहित्य महोत्सवात जाहीरपणे सांगितले की न्यायालयाने त्या निकालाचा फेरविचार करायला हवा. आणि पुढच्याच महिन्यात शशी थरूर यांचे 377 सौम्य करणारे खासगी विधेयक लोकसभेने 71 विरुद्ध 24 मतांनी मांडूही दिले नाही.

संघातही हेच झाले. मार्च 2016 मध्ये संघाचे वरिष्ठ पदाधिकारी दत्तात्रेय होसबाळे एका माध्यमसमूहाच्या परिषदेत म्हणाले की कोणाची लैंगिक आवड हा त्याचा खासगी मामला आहे, इतरांना त्रास नसेल तर तो गुन्हा कसा? दुसऱ्याच दिवशी त्यांचा खुलासा आला. गुन्हा नाही, पण सामाजिकदृष्ट्या अनैतिक आहे. शिक्षा नको, मानसिक बाब म्हणून पाहा. आणि समलिंगी विवाहाला मात्र बंदीच हवी. 6 सप्टेंबर 2018 रोजी न्यायालयाने 377 मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले, त्या दिवशी संघाच्या प्रवक्त्यांनी गुन्हा नसल्याचे मान्य केले आणि विवाह निसर्गाशी सुसंगत नाही असे पुढे जोडले. पाच वर्षांपूर्वी ज्याला तुरुंगाची भीती हवी होती, ते आता गुन्हा राहिले नव्हते. रेषा एक पाऊल सरकली होती.

मग आले 2023. जानेवारीत सरसंघचालक मोहन भागवत यांनी 'ऑर्गनायझर' आणि 'पाञ्चजन्य' यांना मुलाखत दिली. समलैंगिक माणसे तर माणूस आहे तेव्हापासून आहेतच, त्यांनाही जगण्याचा अधिकार आहे, समाजाचाच ती भाग आहेत, असे ते म्हणाले. भागवत शिक्षणाने पशुवैद्य आहेत. प्राण्यांतही हे असते, ही जीवशास्त्रातली गोष्ट आहे, असे त्यांनी त्या नात्याने सांगितले आणि महाभारतातल्या जरासंधाचे सेनापती हंस आणि डिंभक यांच्यातल्या तशाच नात्याचा दाखला दिला. संघाच्या प्रमुखाने ही गोष्ट आपल्याच पुराणांतून काढून दाखवावी, हे लहान नव्हते. पाश्चात्त्यांकडून आलेली साथ, असे म्हणणाऱ्यांना ते घरातूनच मिळालेले उत्तर होते.

पण मार्चमध्ये पानिपतजवळ समालखा इथे संघाची प्रतिनिधी सभा झाली, तिथे होसबाळे यांनी समलिंगी विवाहाच्या याचिकांना केंद्र सरकारने न्यायालयात केलेल्या विरोधाला दुजोरा दिला. विवाह दोन भिन्नलिंगी व्यक्तींचाच. तो संस्कार आहे, उपभोग नाही आणि करारही नाही. मे महिन्यात राष्ट्र सेविका समितीशी संलग्न संवर्धिनी न्यासाने 318 जणांच्या उत्तरांवर आधारलेली पाहणी प्रसिद्ध केली. त्यातल्या सुमारे 70 टक्के डॉक्टर व आरोग्यसेवकांनी समलैंगिकतेला विकार म्हटले, असा त्यांचा निष्कर्ष. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच ती आजारांच्या यादीतून काढली आहे. म्हणजे पाच महिन्यांत एकाच परिवारातून तीन स्वर निघाले: निसर्गातलीच गोष्ट, संस्कारात न बसणारी गोष्ट आणि आजार. तिन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत.

पक्षातही याच सुमारास आवाज चढला होता. डिसेंबर 2022 मध्ये सुशीलकुमार मोदी यांनी समलिंगी विवाहाला विरोध करत राज्यसभेत सांगितले की दोन न्यायाधीशांनी बसून असा सामाजिक प्रश्न ठरवू नये, संसदेत चर्चा व्हावी. त्यांचा विरोध मला मान्य नाही, पण संसदेत चर्चा व्हावी हा त्यांचा आग्रह शब्दशः मान्य आहे. केंद्राने न्यायालयात पती, पत्नी आणि मुले ही भारतीय कुटुंबाची कल्पना मांडली आणि ही मागणी शहरी उच्चभ्रूंची आहे असेही म्हटले. एप्रिल 2023 मध्ये राज्यांना मत विचारले गेले, तेव्हा पक्षांच्या सीमा गळूनच पडल्या. काँग्रेसच्या राजस्थानने आणि भाजपच्या आसामने विरोध कळवला. आपल्या महाराष्ट्रात शिंदे-फडणवीस सरकार होते. त्याने, उत्तर प्रदेशाप्रमाणेच, जास्त वेळ मागितला. तो वेळ मागणे मला त्या सगळ्या कागदपत्रांतले सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटते.

17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्यासह पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले की विवाह हा मूलभूत हक्क नाही आणि विशेष विवाह कायदा न्यायालय नव्याने लिहू शकत नाही. मतभेद झाला तो सहजीवनाला मान्यता आणि दत्तक यांवर. तिथे चंद्रचूड आणि न्या. संजय किशन कौल अल्पमतात राहिले. एक गोष्ट मात्र सर्वांनी मान्य केली: तृतीयपंथी व्यक्ती स्त्री-पुरुष नात्यात असेल तर तिला आजच्याच कायद्याने लग्न करता येते. शेजारच्या बीडमध्ये 2022 साली असा एक विवाह नातेवाइकांच्या आणि वाजंत्रीच्या साक्षीने झालाच होता. ना ते शहरी उच्चभ्रू होते, ना 1987 साली एकमेकींना हार घालून नोकरी गमावलेल्या मध्य प्रदेशातल्या दोन महिला पोलीस शिपाई.

आता संस्काराच्या मुद्द्याकडे येऊ, कारण खरा पेच तिथे आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याकडे लग्न दोघांचे नसते. सोयरीक जुळते ती दोन घरांची, दोन भावक्यांची. देवक बसते, मामा मुंडावळ्या बांधतो, आजी अंतरपाट धरायला सांगते. ज्याला हे सगळे मोलाचे वाटते, त्याच्या मनातली धास्ती मी समजू शकतो. पण याचिकाकर्त्यांची मागणी शेवटी तपासली गेली ती 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे निबंधकाच्या टेबलावर. तिथे ना सप्तपदी असते ना मंगलाष्टके. संस्कार ज्याच्या त्याच्या घरी आणि धर्मात राहतो; नोंदवही सरकारची असते.

शिवाय हा युक्तिवाद आपण आधी ऐकला आहे. हिंदू कोड बिल आले तेव्हा घटस्फोट आणि आंतरजातीय विवाह यांच्याविरुद्ध हेच सांगितले गेले की विवाह संस्कार आहे, त्यात कायद्याने हात घालू नये. विरोध संघापुरता नव्हता. सत्ताधारी काँग्रेस आतून दुभंगलेली होती, राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांचा आक्षेप होता. डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर 1951 मध्ये मंत्रिपद सोडले. 1955 आणि 1956 मध्ये तेच कायदे तुकड्या-तुकड्यांनी मंजूर झाले. आज भाजपचा कोणताही नेता ते रद्द करा म्हणत नाही.

लग्न कोणी कोणाशी करावे यावरून आपल्या जिल्ह्यात रक्त सांडले आहे. 1 जानेवारी 2013 ला सोनईत तीन दलित तरुण मारले गेले, कारण त्यांतल्या एकाचे सवर्ण मुलीवर प्रेम होते. सत्र न्यायालयात सहा जण दोषी ठरले. एप्रिल 2014 मध्ये खर्ड्यात सतरा वर्षांचा एक शाळकरी मुलगा मुलीशी बोलल्याच्या संशयावरून संपवला गेला. साक्षीदार फिरले आणि 2017 मध्ये आरोपी सुटले. जिथे मुलगा-मुलगी यांच्या प्रेमाचीच ही किंमत, तिथे दोन मुलांनी किंवा दोन मुलींनी घरी काय सांगायचे? ते सांगत नाहीत. वय झाले की स्थळ येते, चहा-पोहे होतात, मुलगा मान खाली घालून 'तुम्ही म्हणाल तसे' म्हणतो, आणि परक्या गावची एक मुलगी या घरात येते. वर्ष जाते, दोन वर्षे जातात. पाळणा हलत नाही म्हणून तिलाच डॉक्टरकडे नेतात, तिलाच नवस बोलायला लावतात, तिच्याच माहेरी फोन जातात. दोष कुणाचाच नसतो आणि दोन आयुष्ये जळतात. विवाहाचे पावित्र्य जपायचे म्हणणाऱ्यांनी या लग्नांचाही हिशेब धरायला हवा. खोट्या लग्नाची सक्ती लग्नाला जेवढा कमीपणा आणते, तेवढा दोन माणसांची खरी नोंदणी कधीच आणणार नाही.

लग्नाने नेमके काय मिळते, हे तलाठी कार्यालयात लगेच कळते. जमीनधारक गेला की मृत्यूचा दाखला आणि वंशावळीचे प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज होतो, वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6-क मध्ये, नावे चढतात, फेरफार लिहिला जातो, नोटिशीची मुदत जाते, मंडल अधिकारी तो प्रमाणित करतो आणि सातबाऱ्यावर नवी नावे येतात. पत्नी, मुलगा, मुलगी, आई. यांतले कोणी नसेल तर पुढचे नातेवाईक. वीस वर्षे एका चुलीवर जेवलेला, विहिरीच्या कर्जाचे हप्ते भरलेला जोडीदार त्या रांगेत कुठेच बसत नाही. मृत्युपत्र करता येते, पण त्यावर पुतण्यांचा दिवाणी दावा पडला की तारखा सुरू होतात.

सरकारलाही हे कळते. निकालानंतर कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 2024 मध्ये केंद्राने राज्यांना कळवले की समलिंगी जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातले धरावे; संयुक्त बँक खाते उघडायला आणि जोडीदाराला नामनिर्देशित करायला आडकाठी नाही. भाजपच्याच सरकारने रेशनच्या कार्डावर हे घर मान्य केले. मग सातबाऱ्यावर का नको? या जिल्ह्याला आता अहिल्यादेवींचे नाव आहे. निपुत्रिक विधवेची मालमत्ता सरकारजमा करण्याची रीत त्यांनी मोडली, तिला दत्तक घेऊ दिले, असे त्यांच्या राज्यकारभाराबद्दल आवर्जून सांगितले जाते. वारसाच्या कागदावर नसलेल्या माणसाचा विचार करणे हा त्यांचाच वारसा आहे.

बाहेरच्या परंपरावादी पक्षांनी हा मतभेद कसा हाताळला? 5 फेब्रुवारी 2013 रोजी ब्रिटिश संसदेत समलिंगी विवाहाच्या विधेयकावर मतदान झाले. हुजूर पक्षाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी पक्षादेश काढला नाही. त्यांच्या पक्षात बाजूने पडलेल्या मतांपेक्षा विरोधातली मते जास्त होती, तरी विधेयक 400 विरुद्ध 175 ने पुढे गेले. परंपरावादी असूनही नाही, तर परंपरावादी आहे म्हणूनच मी याला पाठिंबा देतो, ही कॅमेरून यांची मांडणी होती: बांधिलकीने समाज घट्ट होतो. जर्मनीत जून 2017 मध्ये अँगेला मर्केल यांनी मतदान खुले केले, स्वतः विरोधात मत दिले, आणि त्यांच्या आघाडीच्या 75 खासदारांनी बाजूने.

आणि आयर्लंड तर आपल्या नात्यातलेच. तिथले नेते लिओ वराडकर यांचे मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड. वडील मुंबईहून तिकडे गेलेले डॉक्टर. त्यांचा फिन गेल हा पक्ष कॅथलिक वळणाचा, परंपरा मानणारा. 2010 मध्ये, नोंदणीकृत सहजीवनाच्या चर्चेत, वराडकर स्वतः म्हणाले होते की प्रत्येक मुलाला आई आणि वडील मिळण्याचा हक्क आहे. जानेवारी 2015 मध्ये आरोग्यमंत्री असताना त्यांनी रेडिओवर सांगितले की आपण समलैंगिक आहोत. मे महिन्यात सार्वमत झाले, 62 टक्के लोकांनी समलिंगी विवाहाला कौल दिला. दोन वर्षांनी त्याच पक्षाने त्यांना पंतप्रधान केले. डिसेंबर 2019 च्या अखेरीस ते वराडला आले, तेव्हा गावाने त्यांचे औक्षण करून स्वागत केले. सिंधुदुर्गातल्या त्या घरांमध्ये परंपरा आपल्यापेक्षा कमी पाळली जाते, असे कोणी म्हणणार नाही.

आपल्याकडे प्रयत्न झाला तो बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांचा. 1 एप्रिल 2022 ला त्यांनी विशेष विवाह कायद्यात दुरुस्तीचे खासगी विधेयक मांडले. लोकसभेची मुदत संपली आणि ते आपोआप बाद झाले. काँग्रेसने 2024 च्या जाहीरनाम्यात सहजीवनाला मान्यता देणाऱ्या कायद्याचे आश्वासन दिले, पण तो पक्ष सत्तेत नाही. प्यू या संस्थेच्या 2023 च्या पाहणीत 53 टक्के भारतीय अशा विवाहाच्या बाजूने आणि 43 टक्के विरोधात होते. लोक विभागलेले आहेत, परिवार विभागलेला आहे, सहजीवनाच्या मान्यतेवर न्यायालयही विभागलेलेच होते. अशा प्रश्नावर पक्षादेश काढणे म्हणजे प्रामाणिक मतांचा गळा दाबणे.

भाजपच्या नेतृत्वाला माझे सांगणे एवढेच आहे: कॅबिनेट सचिवांच्या समितीचा अहवाल संसदेत ठेवा, वारसा आणि नोंदणी देणारे विधेयक आणा, आणि खासदारांना विवेकाने मत देऊ द्या. होसबाळेंचे म्हणणेही तिथे मांडले जाऊ द्या आणि भागवतांनी सांगितलेला हंस-डिंभकांचा दाखलाही. आपल्या जिल्ह्याचे दोन्ही खासदार, नगरचे नीलेश लंके आणि शिर्डीचे भाऊसाहेब वाकचौरे, विरोधी बाकांवर बसतात. तुमचे मत काय, हा प्रश्न त्यांनाही लागू आहे. पुढच्या वेळी ते गावात सभामंडपाचे किंवा रस्त्याचे भूमिपूजन करायला आले, की रस्त्याबरोबर हेही विचारा.