नस दबली आहे? झटका घेण्याआधी तपासणी करा



वस्तीतल्या कोणत्याही गल्लीत कमरेला पट्टा बांधून कामावर जाणारा माणूस दिसतोच. कचऱ्याची गाडी ओढणारे सफाई कामगार, मार्केटमधले हमाल, बांधकामावरचे बिगारी, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाया, दिवसभर शिलाई मशीनवर वाकलेल्या ताई, रिक्षा चालवणारे भाऊ. सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असते, "नस दबली आहे." अलीकडे त्याला जोडून दुसरे वाक्य येते, "मोबाईलवर बघितलं, कटकन आवाज काढतात आणि माणूस उठून चालायला लागतो. आपण जाऊ का तिथे?"

या झटक्याच्या उपचाराला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. त्याचा उपयोग किती आणि धोका कुठे, हे या वेळच्या आरोग्य पानावर आपण पाहू. आमचे म्हणणे आधीच सांगतो. झटका चांगला की वाईट, हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की, कळ आणि मुंग्या कशामुळे येतात हे डॉक्टरांनी तपासले आहे का?

नस दबते म्हणजे काय होते?

आपल्या बोलण्यात 'नस' हा शब्द तीन गोष्टींसाठी येतो. हातावर दिसणारी निळी रक्तवाहिनी ही नस, टाचेमागचा ताठ दोर ही नस आणि मेंदूचे निरोप हातापायांपर्यंत पोचवणारा मज्जातंतू हीसुद्धा नस. रात्री पोटरीत गोळा आला की आपण "नसेवर नस चढली" म्हणतो. तो खरे तर स्नायूचा पेटका असतो. डॉक्टर 'नस दबली' म्हणतात तेव्हा ते मज्जातंतूबद्दल बोलत असतात.

आपल्या पाठीच्या मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. त्यातून नसांच्या ३१ जोड्या निघतात. मानेतल्या नसा हातात जातात, कमरेतल्या पायात. मणक्यांच्या मध्ये गाद्या असतात. "गादी सरकली" असे आपण म्हणतो, पण गादी पाटासारखी पुढेमागे सरकत नाही. तिचे बाहेरचे आवरण फुगते किंवा फाटते आणि आतला मऊ भाग बाहेर येऊन नसेला लागतो. वय वाढले की हाड वाढूनही नसेची वाट अरुंद होते. कमरेच्या शेवटच्या दोन गाद्यांवर ओझे जास्त पडते, म्हणून त्रास बहुधा तिथेच होतो. मग कळ कमरेतून कुल्ल्यात, मांडीच्या मागून पोटरीत आणि पावलापर्यंत जाते. हीच सायटिका. मानेत नस दबली तर कळ खांद्यातून बोटांपर्यंत उतरते.

नस मनगटातही दबते. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधीर होते, हात झटकला की बरे वाटते. शिलाई करणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, कपडे पिळणाऱ्या बायांना हा त्रास पुष्कळ होतो. गरोदरपणात, मधुमेहात आणि थायरॉइडच्या आजारातही होतो. इथे मणक्याचा काही संबंध नसतो. त्यामुळे मानेला किंवा पाठीला झटका देऊन त्याचा उपयोगही नसतो. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधली तरी अनेकींना आराम पडतो.

एक दिलासा देणारी गोष्ट लक्षात ठेवा. गादीमुळे दबलेली नस बहुतेकांची शस्त्रक्रियेशिवाय सुधारते. बाहेर आलेला मऊ भाग शरीर हळूहळू शोषून घेते, सूज उतरते आणि ६ ते १२ आठवड्यांत दुखणे बरेच कमी होते. म्हणूनच या काळात जो कोणी हात लावेल, काढा देईल किंवा गंडा बांधेल, त्याला बरे केल्याचे श्रेय मिळते.

कायरोप्रॅक्टिक आले कुठून?

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट शहरात १८९५ साली डॅनियल डेव्हिड पामर यांनी हा उपचार सुरू केला. त्याआधी ते चुंबकीय शक्तीने रोग बरे करतो असे सांगून उपचार करत. त्यांचे पहिले रुग्ण म्हणून हार्वे लिलार्ड यांचे नाव घेतले जाते. ते त्या इमारतीत साफसफाई करणारे कृष्णवर्णीय कामगार होते. त्यांना ऐकू कमी येत होते. त्यांच्या पाठीचा मणका दाबला आणि त्यांना ऐकू येऊ लागले, असे पामर यांनी सांगितले. त्यावरून त्यांनी सिद्धान्त मांडला की बहुतेक सगळे रोग मणका हलून नस दबल्यामुळे होतात.

हा सिद्धान्त विज्ञानाच्या कसोटीवर उतरला नाही. ऐकण्याची नस तर कानातून कवटीच्या आतूनच मेंदूकडे जाते, पाठीच्या मणक्यातून जात नाही. तथागत बुद्धांनी कालाम लोकांना दिलेला उपदेश आपण विहारात ऐकतो. कोणी सांगितले, परंपरेने आले, बोलणारा मोठा आहे, एवढ्यावर गोष्ट मानू नका, अनुभवाने आणि विचाराने पडताळून पाहा. मोबाईलवरच्या व्हिडिओलाही हीच कसोटी लावायला हवी. व्हिडिओत झटक्यानंतर हसणारा माणूस दिसतो. महिन्याभराने त्याचे काय झाले, ते दिसत नाही.

मग उपयोग काहीच नाही का?

तसे नाही. साध्या कंबरदुखीत, म्हणजे कळ पायात उतरत नाही आणि दुसरा कोणता आजार नाही अशा दुखण्यात, मणक्यांच्या हाताळणीने काहींना आराम पडतो. २०१७ साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने कंबरदुखीत गोळ्यांआधी करून पाहण्याच्या उपायांत शेक, मालिश आणि व्यायामाबरोबर याचाही समावेश केला. पण फायदा थोडाच आहे. व्यायाम आणि फिजिओथेरपीपेक्षा तो मोठा नाही. खरोखर नस दबली असेल, तर झटक्याने ती मोकळी होते याचा पुरावा कमजोर आहे.

आणि तो 'कट्' आवाज? बोटे मोडताना येतो तसाच तो आवाज. सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. हाड जागेवर बसल्याचा किंवा नस सुटल्याचा तो आवाज नव्हे.

अमेरिकेत कायरोप्रॅक्टर होण्यासाठी काही वर्षांचे शिक्षण आणि परवाना लागतो. भारतात या उपचारासाठी स्वतंत्र कायदेशीर नोंदणी परिषद नाही. त्यामुळे थोड्या दिवसांचा कोर्स केलेला माणूसही पाटी लावून बसू शकतो. दहा सिटिंगचे पैसे आगाऊ भरायला सांगणारा माणूस किती शिकला आहे, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

धोका कुठे आहे?

सर्वांत जपायची जागा म्हणजे मान. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून वर जातात. मान जोरात पिरगाळली तर त्यांच्या आतल्या थराला चीर पडू शकते, तिथे गुठळी होऊन लकवा मारू शकतो. असे क्वचित घडते, पण घडते ते कायमचे असू शकते. म्हणून मानेला झटका कोणाकडूनही घेऊ नका. सलूनमध्ये दाढी झाल्यावर मान मोडून देतात, तेही नको म्हणा.

दुसरा धोका म्हणजे खरा आजार लपून राहणे. पाठीचे दुखणे विश्रांतीनेही थांबत नाही, रात्री वाढते, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरते, अशा वेळी मणक्याचा टीबी असू शकतो. टीबी फक्त फुप्फुसाचा नसतो. आपल्या दाटीवाटीच्या वस्त्यांत हे विसरून चालणार नाही. टीबीने पोखरलेल्या मणक्यावर झटका दिला तर माणूस कमरेखाली लुळा पडू शकतो. वेळीच ओळखला तर मणक्याचा टीबी औषधांनी बरा होतो आणि ती औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

प्रत्येक मुंगी दबलेल्या नसेची नसते. दोन्ही तळपायांची आग होत असेल तर आधी साखर तपासा. बाबासाहेबांना मधुमेह होता आणि पायांतील नसांच्या वेदनेने ते अनेक वर्षे त्रस्त होते, हे आपण जाणतो. तशा वेदनेसह त्यांनी केवढे काम केले! आपल्याला आज साखरेची तपासणी जवळच्या आरोग्य केंद्रात होते, तर ती टाळण्याचे कारण नाही. बी-१२ जीवनसत्त्व कमी असले तरी मुंग्या येतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असून तिथे स्पर्श कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी करा. तो औषधाने पूर्ण बरा होतो, औषध मोफत आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा

- लघवी अडली, किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला
- दोन्ही मांड्यांच्या आतील बाजूस आणि बसण्याच्या जागी बधिरपणा आला
- पाऊल वर उचलता येत नाही, चप्पल पायातून निसटते
- दोन्ही पायांतील किंवा हातातील ताकद कमी होत चालली
- पडल्यानंतर किंवा अपघातानंतर पाठ-मान दुखू लागली
- पाठदुखीबरोबर ताप आहे, वजन घटते आहे, किंवा पूर्वी कर्करोग झाला आहे

यातली पहिली दोन लक्षणे असतील तर एक रात्रही थांबू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. उशीर झाला तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

घरी काय करावे?

वरची लक्षणे नसतील तर एक-दोन दिवस आराम पुरे. महिनाभर अंथरुणाला खिळून राहिल्याने स्नायू कमजोर होतात आणि दुखणे लांबते. थोडे थोडे चाला. गरम पाण्याच्या पिशवीने शेका. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवा. हंडा किंवा पोते उचलताना कमरेत वाकू नका, गुडघे वाकवून बसा, ओझे अंगाजवळ धरा आणि मग उठा. वर्षावासात ग्रंथवाचनाला तासभर मांडी घालून बसवत नसेल तर खुर्चीवर बसा. धम्मश्रवणाला मांडीची अट नाही.

वेदनाशामक गोळ्या दुकानातून आणून महिनोन्‌महिने खाऊ नका, मूत्रपिंड आणि जठर बिघडते. नाव नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. पट्टा कामापुरता वापरा, चोवीस तास नको.

जायचे कुठे?

आधी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा महापालिकेचा दवाखाना. तिथून चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या अस्थिरोग विभागात. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि जे.जे., पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल. तिथे फिजिओथेरपीचा विभागही असतो. मुंबईत हाजी अलीला शारीरिक वैद्यक व पुनर्वसनाची केंद्र सरकारची संस्था आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. पगारातून ईएसआयसी कापला जात असेल तर कामगार विमा रुग्णालयात जा. कंत्राटी कामगारांनी तर आपला ईएसआयसी खरोखर भरला जातो का, हे ठेकेदाराला विचारलेच पाहिजे. शस्त्रक्रिया सांगितली तर रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ती बसते का, ते विचारा.

एवढे करूनही कोणाला कायरोप्रॅक्टरकडे जायचेच असेल, तर चार प्रश्न विचारा. तुमचे शिक्षण कुठे झाले? माझा एक्स-रे किंवा डॉक्टरांची चिठ्ठी तुम्ही पाहणार का? मानेला हात न लावता उपचार कराल का? तीन-चार वेळांत फरक पडला नाही तर थांबाल का? उत्तर देताना कोणी चिडला, किंवा "माझ्यावर विश्वास ठेवा" एवढेच म्हणाला, तर पैसे खिशात ठेवून परत या.

आपले बहुतेकांचे पोट अंगमेहनतीवर आहे. कंबर धरली की घराची चूल अडते, मुलांची फी अडते. म्हणून लवकर बरे व्हावे ही घाई आम्हाला समजते. पण त्या घाईत तपासणी टाळू नका. हे पान येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर मोठ्याने वाचून दाखवा. आपल्या वस्तीत कमरेला पट्टा बांधलेल्या त्या भावाला आणि ताईला धोक्याची लक्षणे तोंडपाठ झाली पाहिजेत.

नमो बुद्धाय, जय भीम!