नवा खेळ आणि जुना संगणक : कार्यप्रणाली बदलण्याची सक्ती व खेळाडूंचा प्रतिकार

प्रस्तावना

संगणकावर खेळ खेळणारा तरुण हा सर्वसाधारणपणे नव्याचा हौशी ग्राहक मानला जातो. नवा खेळ, नवे ग्राफिक्स कार्ड, नवा मॉनिटर यांसाठी तो पैसे साठवतो. असे असूनही संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, बदलण्याच्या सक्तीला गेल्या दोन दशकांत सर्वाधिक चिवट विरोध याच वर्गाकडून झालेला दिसतो. वरकरणी ही विसंगती वाटते. प्रस्तुत लेखात या विरोधाची कारणे, त्यातील तथ्य आणि त्याच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

कोल्हापूरच्या वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. शिवाजी उद्यमनगरात जुन्या यंत्राचा झिजलेला भाग लेथवर नव्याने घडवून यंत्र चालते ठेवणे ही रोजची गोष्ट आहे. उत्पादकाने नवे मॉडेल काढले म्हणून कोणी चालू यंत्र भंगारात काढत नाही. मध्यमवर्गीय घरातील संगणकाचेही तसेच असते. थोरल्याच्या शिक्षणासाठी घेतलेला संगणक पुढे धाकट्याच्या अभ्यासाला आणि खेळाला उपयोगी पडतो. मात्र यंत्र झिजते तेव्हा ते डोळ्यांना दिसते. कार्यप्रणाली झिजत नाही, ती कालबाह्य झाल्याचे जाहीर केले जाते. वादाचे मूळ या फरकात आहे.

संज्ञांचे स्पष्टीकरण

येथे दोन संज्ञा वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. आहे त्याच कार्यप्रणालीतील दोष दुरुस्त करणे म्हणजे 'अपडेट', तर जुनी कार्यप्रणाली काढून तिच्या जागी नवी बसविणे म्हणजे 'अपग्रेड'. पहिल्यात सहसा फक्त थोडा वेळ आणि इंटरनेट खर्ची पडते. दुसऱ्यात अधिक मेमरी, नवे सुटे भाग, प्रसंगी नवा संगणकच घ्यावा लागतो.

तिसरी संज्ञा 'डायरेक्टएक्स' ही होय. खेळाचा प्रोग्रॅम आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यातील दुभाष्याचे काम मायक्रोसॉफ्टची ही यंत्रणा करते. खेळ लिहिणाऱ्याला प्रत्येक कंपनीच्या कार्डाची भाषा शिकावी लागत नाही, तो डायरेक्टएक्सशी बोलतो. त्यामुळे डायरेक्टएक्सची नवी आवृत्ती केवळ नव्या विंडोजवर उपलब्ध करून दिली, की नव्या खेळांची वाटही त्या विंडोजमधूनच जाऊ लागते.

व्हिस्टाचा अनुभव

विंडोज एक्सपी २००१ मध्ये आली. घरे, कार्यालये आणि सायबर कॅफे यांत ती इतकी रुळली, की ३० जानेवारी २००७ रोजी विंडोज व्हिस्टा बाजारात आली तेव्हा अनेकांना बदलाची निकड वाटली नाही. व्हिस्टाला मेमरी अधिक लागे आणि आरंभीच्या काळात अनेक उपकरणांचे ड्रायव्हर नीट चालत नसत. मात्र डायरेक्टएक्स १० केवळ व्हिस्टासाठी होते. व्हिस्टामध्ये ग्राफिक्स ड्रायव्हरची रचनाच बदलली असल्याने ते एक्सपीवर आणता येत नाही, अशी त्यामागची भूमिका होती.

ही भूमिका पूर्णतः निराधार नव्हती. डायरेक्टएक्स १० एक्सपीवर चालविण्याचे जे स्वतंत्र प्रयत्न झाले, त्यांना समाधानकारक यश आले नाही. तथापि त्याच वर्षी 'हेलो २' आणि 'शॅडोरन' हे मायक्रोसॉफ्टने प्रकाशित केलेले दोन खेळ संगणकावर आले आणि दोन्हींवर 'केवळ व्हिस्टासाठी' अशी अट होती. 'हेलो २' हा मुळात २००४ मध्ये एक्सबॉक्ससाठी आलेला खेळ. त्याची संगणकीय आवृत्ती डायरेक्टएक्स ९ वापरत होती आणि ते एक्सपीवर उपलब्ध होतेच. अल्पावधीतच काही अनामिक तंत्रज्ञांनी ही अट निष्प्रभ करून दोन्ही खेळ एक्सपीवर चालवून दाखविले. याच वर्षीच्या 'क्रायसिस' या खेळात सर्वोच्च दर्जाची दृश्ये व्हिस्टापुरती राखून ठेवली होती. खेळाडूंनी मांडणीच्या फाइलीत थोडा फेरफार करून त्यांतील बहुतेक एक्सपीवर मिळविली.

यातून खेळाडूंच्या मनात एक संशय कायमचा रुजला. 'हे तुमच्या संगणकावर चालणार नाही' या वाक्याचा अर्थ दर वेळी 'चालू शकत नाही' असाच नसतो, कधी तो 'चालू दिले जाणार नाही' असाही असतो.

विंडोज १० आणि सक्तीचे नवे रूप

२९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० आली. विंडोज ७ व ८.१ च्या वापरकर्त्यांना ती एक वर्ष विनामूल्य देऊ केली होती. तरीही विरोध झाला, म्हणजे आक्षेप केवळ किमतीला नव्हता. अपग्रेडचे निमंत्रण पडद्यावर वारंवार येई. २०१६ मध्ये तर सूचनेची चौकट कोपऱ्यातील फुलीवर क्लिक करून बंद केली, तरी ठरलेल्या वेळचे अपग्रेड रद्द होत नसे. फुलीचा अर्थ 'नको' हा वर्षानुवर्षांचा संकेत येथे मोडला गेला. पुढे मायक्रोसॉफ्टला ही सूचना बदलावी लागली. नको असताना झालेल्या अपग्रेडमुळे व्यवसायाचे नुकसान झाल्याची तक्रार करणाऱ्या कॅलिफोर्नियातील एका महिलेला १०,००० डॉलर भरपाई मिळाल्याचे त्याच वर्षी प्रसिद्ध झाले.

खेळाडूंच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. सीडीवरील अनेक जुन्या खेळांत नक्कल रोखण्यासाठी 'सेफडिस्क' ही यंत्रणा असे. सुरक्षेच्या कारणास्तव विंडोज १० मध्ये तिला स्थान दिले गेले नाही. परिणामी पैसे देऊन घेतलेली अस्सल सीडी नव्या प्रणालीवर निरुपयोगी ठरू लागली. नव्या खेळासाठी प्रणाली बदलावी, तर जुना खेळ हातचा जातो, असा हा पेच होता.

डायरेक्टएक्स १२ हेही प्रारंभी केवळ विंडोज १० साठी होते. एप्रिल २०१६ मध्ये 'क्वांटम ब्रेक' हा खेळ याच अटीसह आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो डायरेक्टएक्स ११ वर, विंडोज ७ वरही चालेल अशा रूपात उपलब्ध झाला. पुढे मार्च २०१९ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळासाठी मायक्रोसॉफ्टने स्वतःच डायरेक्टएक्स १२ चा काही भाग विंडोज ७ वर आणून दिला. खेळाडूंचा संशय सर्वस्वी अनाठायी नव्हता, हे यावरून स्पष्ट होते.

खरी तांत्रिक गरज

तथापि प्रत्येक अट व्यापारी हेतूनेच घातली जाते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ३२-बिट प्रणालीला साधारणतः ४ जीबीपेक्षा अधिक मेमरी वापरता येत नाही. २०१३ मध्ये आलेल्या 'कॉल ऑफ ड्यूटी : घोस्ट्स' या खेळाने ६४-बिट विंडोजची अट घातली, तिच्यामागे ही मर्यादा होती. 'जस्ट कॉज २' या खेळाने २०१० मध्येच एक्सपी सोडून दिली होती. दोन पिढ्यांच्या डायरेक्टएक्ससाठी एकच खेळ दोनदा लिहिणे व तपासणे खर्चिक असते. २०२३ मध्ये 'काउंटर-स्ट्राइक २' आला, तेव्हा डायरेक्टएक्स ९ व ३२-बिट प्रणालींचा आधार काढून घेण्यात आला. सायबर कॅफेच्या पिढीचा हा आवडता खेळ. त्याची जुनी आवृत्ती जुन्या संगणकावर उघडता आली, तरी अधिकृत स्पर्धात्मक सामने तिच्यावर उरले नाहीत.

सुरक्षेचा मुद्दा याहून गंभीर आहे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या घातक प्रोग्रॅमने जगभर हाहाकार माजविला. त्याला वाट देणारा दोष दूर करणारे अपडेट विंडोज ७ साठी मार्चमध्येच उपलब्ध झाले होते. ज्यांनी ते बसविले नव्हते, ते संगणक सापडले. अपग्रेडच्या सक्तीला कंटाळून अपडेटच बंद करून टाकण्याचा सल्ला त्या काळी सर्रास दिला जात असे. असा सल्ला किती महागात पडू शकतो, हे या घटनेने दाखविले. सक्तीचे सर्वांत मोठे नुकसान येथेच होते. तिच्यामुळे आवश्यक दुरुस्तीवरचाही विश्वास उडतो.

विंडोज ११ आणि आजची निवड

विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. तिला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप, सिक्युअर बूट आणि सामान्यतः २०१७-१८ नंतरच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. त्या महिन्याच्या स्टीमच्या सर्वेक्षणात सुमारे तीस टक्के खेळाडू अद्याप विंडोज १० वरच होते. घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा-अपडेट देण्याची योजना जाहीर करण्यात आली होती.

याच काळात फसवणूकविरोधी यंत्रणांनी खेळांचा दरवाजा अधिक कडक केला. 'व्हॅलोरंट' विंडोज ११ वर टीपीएम २.० व सिक्युअर बूट मागतो. २०२५ मधील 'बॅटलफील्ड ६' ला सिक्युअर बूट लागते. येथे लक्षात घेण्याची बाब अशी, की 'बॅटलफील्ड ६' विंडोज १० वरही चालतो. म्हणजे अट कार्यप्रणालीच्या नावाची नसून संगणकाच्या सुरक्षा-क्षमतेची आहे. अनेक संगणकांत ही सोय असते, पण बायॉसमध्ये ती बंद ठेवलेली असते. तेव्हा नवा संगणक घेण्यापूर्वी बायॉस तपासून घेणे हितावह ठरते.

तिसरा मार्ग लिनक्सचा आहे. व्हॉल्व कंपनीने २०१८ मध्ये आणलेल्या 'प्रोटॉन'मुळे विंडोजचे अनेक खेळ लिनक्सवर चालू लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टीमवरील लिनक्सचा वाटा प्रथमच तीन टक्क्यांपुढे गेला. परंतु ज्या खेळांची फसवणूकविरोधी यंत्रणा लिनक्सला मुभा देत नाही, ते या मार्गानेही मिळत नाहीत. 'व्हॅलोरंट' व 'बॅटलफील्ड ६' हे त्यांपैकीच होत.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते, की खेळाडूंचा प्रतिकार हा नव्याचा तिटकारा नव्हे. नव्यासाठी पैसे मोजायला तो तयार असतो. त्याचा आक्षेप कारण न सांगता केलेल्या सक्तीला आहे. त्यामुळे प्रत्येक नव्या अटीला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. जुन्या प्रणालीवर हे खरोखर अशक्य आहे काय? शक्य असल्यास ते न करण्याचे कारण खर्च आहे की व्यापार? आणि नकार दिल्यास धोका केवळ एक खेळ गमावण्याचा आहे, की संपूर्ण संगणक असुरक्षित होण्याचा? 'हेलो २' पहिल्याच प्रश्नाशी अडखळतो, ६४-बिटची अट त्यातून पार होते आणि वॉनाक्राय तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व सांगतो.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले आणि वस्तू दुरुस्त करून वापरण्याचा ग्राहकाचा हक्क चर्चेत आला. हा विचार सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे. संगणक विकतानाच त्याच्या कार्यप्रणालीला किती वर्षे सुरक्षा-अपडेट मिळणार, हे खोक्यावर छापलेले असावे. उद्यमनगरातील कारागीर यंत्र टाकण्यापूर्वी ते उघडून पाहतो. संगणकाच्या मालकालाही तेवढी संधी मिळाली, तर आवश्यक तो बदल तो स्वतःहून स्वीकारील.