यूट्यूबचे पैसे कधी सुरू होतात?

परवा खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला गेलो होतो. बाहेर रील काढणाऱ्या एका पोरानं विचारलं, "दादा, हजार व्ह्यूजला किती मिळतात?"

ठरलेला भाव नसतो, राजा!

जाहिरातीतला वाटा हवा तर १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तासांचा वॉच टाइम लागतो. नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. मग मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचे ५५ टक्के आपले, शॉर्ट्सचे ४५.

१० डॉलर जमले की पत्ता पडताळायला पोस्टानं पिन येतो. पत्ता नीट लिहा, मी घरनंबरच विसरलो होतो! खात्यात पैसे मात्र १०० डॉलर झाल्यावरच.

आणि पासवर्ड जपा. सारोळा कासारच्या सुमन धामणे, म्हणजे 'आपली आजी', यांचं चॅनेल २०२० मध्ये हॅक झालं होतं.

कुठे अडलंय? बिनधास्त विचारा.